आफ्रिकेत गाडी असवानला अडकलीय, पुढचा रस्ता सुचवा

डबलबेल | २६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे, पण आधी पूर्ण वाचा आणि मग हसा.

मी एसटीत चौतीस वर्षं काढली. आधी कंडक्टर, शेवटची नऊ वर्षं कंट्रोलर. पासपोर्ट नाही. परगावी राहिलो ते बहुतेक मुक्कामी गाडी घेऊनच. माझी नात पाचवीत आहे. दसऱ्याच्या तोंडावर सायकलवरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर आहे, डॉक्टरांनी २१ नोव्हेंबर तारीख दिलीय. पहिले दोन दिवस मोबाईल बघून डोळे लाल केले. तिसऱ्या दिवशी तिच्या आईनं मोबाईल काढून घेतला आणि पोरगी माझ्या वाट्याला आली.

माझ्याकडे आफ्रिकेचा कापडी नकाशा आहे. शाळेत भिंतीला टांगतात तसला, वरखाली लाकडी दांडी असलेला. एका बंद पडलेल्या शाळेचं सामान विकलं, तेव्हा दोन बाकांवर फुकट मिळाला होता. आफ्रिकाच का, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, बाकीचे खंड माझ्या आधी दुसऱ्यांनी नेले होते. तो नकाशा तिच्या कॉटसमोर टांगला आणि ठरवलं की कैरोपासून केपटाऊनपर्यंत जायचं. दहा हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. आमच्या हिशेबानं सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे सतराशे टप्पे झाले.

कॉट म्हणजे गाडी. ज्या सायकलवरून पडली तिचीच घंटी काढून कॉटला बसवलीय. एक टोला थांबा, दोन टोले चला. माझा जुना पंच निघाला ट्रंकेतून, तिकिटं ती स्वतः वहीच्या पुठ्ठ्याची कापते. आजीचं सीट खिडकीजवळचं, कारण तिला घाट लागतो. (इजिप्तमध्ये घाट नाही हे सांगून झालं. ऐकत नाही.)

नियम नातीनं केलेत. तारीख आणि वेळ खरीच धरायची, म्हणजे आपल्याकडे आज जी तारीख तीच तिथे. जिथे जे वाहन खरंच चालतं तेच घ्यायचं. खात्री नसलेलं मी काही सांगितलं आणि ते चुकीचं निघालं, तर दहा रुपये दंड. आतापर्यंत चाळीस भरले. आणि एक दिवस तिनं विचारलं, "आबा, मनातल्या प्रवासात माझ्या पायाला प्लास्टर आहे का नाही?" यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तिनंच सांगितलं, आहे. नाहीतर ती मजेत चाललीय आणि आम्ही इथे तिला बेडपॅन देतोय, हे जुळत नाही.

तर कैरो झालं. पिरॅमिडपाशी दोन दिवस गेले, कारण तेवीस लाख दगड हा आकडा तिला सोसेना. वीस वर्षं धरली तर दिवसाला तीनशेच्या वर दगड बसवायला लागतात, हे वहीत मांडून झाल्यावर मगच डबल बेल मिळाली. मग नाईलच्या काठानं रात्रभर आगगाडी, असवान. तिथून अबू सिंबेल, ४७ टप्पे वाळवंटातून. तिथे २२ ऑक्टोबरलाच पोचायचं म्हणून आम्ही असवानला मुद्दाम थांबलो होतो. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला, उगवतीचं ऊन डोंगरातल्या देवळात थेट गाभाऱ्यापर्यंत जातं आणि आतल्या चारपैकी तीन मूर्ती उजळतात. चौथा प्ताह, तो अंधारातच राहतो. पहाटे पाचला उठवून टॉर्च मारून दाखवलं. आजी म्हणाली, आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव असतो तसंच की. हे सगळं देऊळ धरणाच्या पाण्यात जाणार होतं म्हणून १९६४ ते ६८ या काळात कापून, तुकडे करून, ६५ मीटर वर नेऊन परत जोडलंय, हे ऐकल्यावर पोरगी गप्पच झाली.

आता माझी गोष्ट. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. आई सांगायची, मेमध्ये पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो. असवानच्या धरणामागे जो जलाशय आहे त्यावरून सुदानमधल्या वादी हाल्फाला बोट जायची. जुनं वादी हाल्फा गाव त्याच पाण्यात गेलं, न्युबियन लोकांची गावंच्या गावं उठली. पिरॅमिड वगैरे ठीक आहे, पण खरं सांगतो, मला या सगळ्या प्रवासात ती बोट पाहिजे होती.

पण सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लढाई चालू आहे. मी म्हटलं, आपण नुसतं मनानं जातोय, आपल्याला काय होतंय. तर म्हणाली, "आबा, सगळी माणसं गाडीतून उतरतायत आणि आपण चढायचं?"

गेले चार दिवस गाडी असवानच्या फलाटावर उभी आहे. सांगा आता:

पुढे कुठून जायचं? विमान नाही असं आधीच ठरलंय. २६ दिवसांत काय बघितलंच पाहिजे? आणि व्हिक्टोरिया धबधब्याला आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर पोचू, तेव्हा तिथे पाणी असतं का?

---

सरळसोट | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काका, राग मानू नका. हे सगळं यूट्यूबवर ड्रोननं काढलेलं आहे, फोर-केमध्ये. टीव्हीला मोबाईल जोडा, एका रविवारी आख्खी आफ्रिका होईल.

---

डबलबेल | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

राग नाही. जोडून बघितला होता. त्यात गाडी लेट होत नाही, शेजारचा माणूस खांद्यावर झोपत नाही आणि आजीला मळमळत नाही. वीस मिनिटांत नातीनं विचारलं, आता दुसरं काय लावू?

---

मोशीकर | २७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

डबलबेलकाका, मी तुमच्या वाटेवरच राहतो. आधी पुण्याजवळच्या मोशीत होतो, आता नऊ वर्षं टांझानियातल्या मोशीत आहे. कंपनीतल्या साहेबाला वाटलं होतं मी चेष्टा करतोय. हे मोशी किलिमांजारोच्या पायथ्याशी आहे. स्वाहिलीत मोशी म्हणजे धूर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विमानाचं म्हणाल तर घ्यायलाच लागेल. सुदान सोडून जमिनीवरून खाली यायला सरळ वाट नाही. कैरोला मागे जा, तिथून नैरोबी. नातीला हेही सांगा की लढाई पेटली तेव्हा सुदाननं आपलं आकाशसुद्धा बंद केलं होतं, विमानांनाही वळसा पडला. म्हणजे तुम्ही एकटे नाही अडकलात.

नैरोबीहून नामांगाच्या नाक्यावरून बसनं आरुशा आणि मग मोशी, सकाळी निघालात की संध्याकाळपर्यंत याल. तुम्ही कंट्रोलर आहात म्हणून एक मजा सांगतो. इथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक वाजला, "सा मोजा". आपले नऊ ते यांचे तीन. पहिल्या महिन्यात मी बरोबर सहा तास चुकून एक बस सोडलीय. तिकीट काढताना कुठली वेळ, स्वाहिली का इंग्रजी, हे विचारायचंच. वाहनाला गाडीच म्हणतात, म्हणजे "गारी", तो शब्द आपल्याकडूनच गेलाय. चपाती तर चपातीच. आजीला सांगा, उपाशी राहणार नाहीत.

किलिमांजारो ५,८९५ मीटर. साडेतीन कळसूबाई एकावर एक. प्लास्टर असलेल्या बाईंनी चढायचा नाही, खालूनच बघायचा, आणि तोही वेळ सांभाळून. दिवसभर ढगात असतो. नवीन आलेल्या माणसाला चार दिवस पटत नाही की तिकडे डोंगर आहे. पहाटे आणि मावळतीला अचानक, तुम्ही जिथे बघत होता त्याच्या कितीतरी वर, बर्फ दिसतं. डोळे लावून बसायची जागा साधारण चुकतेच सगळ्यांची, आपण डोंगर कमी उंचीवर शोधतो. आता छोट्या पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे तीन पहाटा राखून ठेवा. आणि ते बर्फ झपाट्यानं कमी होतंय. १९१२ साली जेवढं होतं त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त गेलं. नकाशावर पांढरा ठिपका असेल तर तो जुना समजा.

न्गोरोन्गोरो सोडू नका. ज्वालामुखीचं तोंड खचून झालेली परात आहे, १९-२० किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉईंटवर उभं राहून खाली बघावं आणि खाली जंगलाऐवजी सपाट गवत, त्यात तळं, आणि मुंग्यांसारख्या म्हशी. जीपनं उतरता येतं. मात्र मगरींनी भरलेल्या नदीतून विल्डबीस्टचे कळप उड्या मारतात, ते दाखवू नका. तो मोसम जुलै ते ऑक्टोबरचा. नोव्हेंबरात ते दक्षिणेकडे निघालेले असतात. दाखवलंत तर दहा रुपये.

पुढे झांबियाला जायला दार-एस-सलामहून ताझारा रेल्वे आहे, कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर. सत्तरच्या दशकात चीननं बांधून दिली. वेळापत्रकात दोन दिवस लिहिलंय. त्यावर विश्वास ठेवू नका.

---

नकाशाबाई | २७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आफ्रिकेच्या त्या कापडी नकाशाला किती हातांचा मळ असतो ते मला विचारा.

एक सूचना आणि दोन उत्तरं.

सूचना अशी की कैरोहून नैरोबीला जाताना इथिओपियात अदिस अबाबाला उतरा आणि लालीबेला बघा. एकाच खडकात वरून खाली कोरत नेलेली अकरा चर्चं, आठेकशे वर्षांपूर्वीची. आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही, वेरूळचं कैलास तसंच कळसापासून सुरू केलेलं आहे. कैलास जुनं, पण लालीबेलात अजून रोज प्रार्थना होते.

व्हिक्टोरिया धबधब्याचं उत्तर. पाणी एप्रिलच्या आसपास सगळ्यात जास्त, ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळ्यात कमी. १,७०८ मीटर रुंदीची भिंत, १०८ मीटर उंच, पण तुम्ही जाल तेव्हा झांबियाच्या बाजूनं बराचसा नुसता काळा कडा दिसेल. हिरमुसू नका. मला विचाराल तर तेव्हाच बघावा. भर पाण्यात समोर फक्त तुषारांचा ढग असतो, खाली काय आहे ते कळत नाही. कोरड्यात कळतं. तो खडक आपलाच, म्हणजे बसाल्ट. त्यांचा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्रीचा साडेसहा कोटी. लाव्हाच्या थरांना आडव्या भेगा पडल्या, त्यात मऊ खडक भरला, आणि झांबेझी नदी ते मऊ उकरत उकरत मागे सरकली. म्हणून धबधब्याच्या पुढची घळ नागमोडी आहे, प्रत्येक वळणाची जागा म्हणजे एके काळचा धबधबा. मुलीला कागदाची घडी घालून दाखवा, सापडेल.

शिवाय डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशानं तो पहिल्यांदा बघितला तारीख १६ नोव्हेंबर १८५५. होडीतून थेट कड्याच्या काठावरच्या बेटावर जाऊन पालथं पडून खाली डोकावला. कमी पाण्याचा मोसम होता म्हणूनच जमलं. तुमच्या नातीच्या तारखेच्या नियमात हे बसतंय का बघा.

आणि दुसरं उत्तर, जे तुम्ही विचारलंच नाहीत. वादी हाल्फाची बोट गेली तरी झांबेझीवर करिबा आहे. १९५५ ते ५९ मध्ये बांधलेलं धरण, दोनशे किलोमीटरहून लांब तलाव. सत्तावन्न हजारांच्या आसपास टोंगा लोक नदीकाठावरून उठवले. त्यांचा नदीचा देव न्यामिन्यामी, धड सापाचं आणि तोंड माशाचं. बांधकाम चालू असताना १९५७ आणि ५८ला लागोपाठ मोठे पूर आले, बांधलेलं वाहून गेलं, तेव्हा लोक म्हणाले, देव कोपला. तुमच्या आईच्या बाजूच्या माणसांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. तुमची बोट तिथे करा.

---

मोशीकर | २७ ऑक्टोबर, रात्री १०:०२

बाई, लालीबेला सुंदरच आहे, पण त्या अम्हारा भागातही अशांतता आहे. सुदान टाळून तिकडे गेलो तर नात विचारेल, हे कसं चाललं?

आणि धबधब्याचं मूळ नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर. मोशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ना.

---

नकाशाबाई | २७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

मान्य. लालीबेला रद्द.

---

डबलबेल | ३० ऑक्टोबर, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. विमानाचा निकाल लागला. मी नातीला आमच्या खात्याची रीत सांगितली. गाडी वाटेत फेल झाली की कंडक्टर प्रवाशांना त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतो. नवीन भाडं नाही. तिला पटलं. वेबिलावर (कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर) तिनं लिहिलंय, "असवान ते नैरोबी, रस्ता बंद, दुसऱ्या गाडीत (विमान)." नकाशावर आम्ही पेन्सिलनं लाल रेघ ओढत आणलीय, ती असवानला थांबते आणि नैरोबीला परत सुरू होते. मधली जागा तिनं कोरी ठेवलीय. मी तुटक रेघ मारायला लागलो तर हात धरला.

विषुववृत्त ओलांडताना मी थाटात सांगितलं की इथे बेसिनचं पाणी उलट्या बाजूनं गोल फिरत उतरतं. नकाशाबाईंना व्यक्तिगत निरोपात विचारलं, तर त्या म्हणाल्या, एवढ्याशा बेसिनवर पृथ्वीच्या फिरण्याचा तसा परिणाम दिसत नाही, केनियात पर्यटकांना ते करून दाखवतात ती हातचलाखी. दहा रुपये गेले. एकूण पन्नास.

उद्या पहाटेपासून मोशी. मोशीकर, चहा ठेवा.

---

मोशीकर | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

ठेवलाय. आज दिसला नाही. ढग. नातीला तसंच सांगा.

---

डबलबेल | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, गाडीतून उतरायला वेळ नव्हता.

किलिमांजारो तिसऱ्या पहाटे दिसला. म्हणजे मोशीकरांनी फोटो पाठवला, कळवलं की आत्ता आहे, ये बाहेर. मी पोरीला उठवलं. तिनं फोटो न बघता आधी विचारलं, "कुठे बघायचं?" मी बोट दाखवलं. म्हणाली, "त्याच्या वर." बरोबर होतं तिचं. दिवाळीचा फराळ त्या दिवशी मोशीतच खाल्ला.

ताझाराचं काय सांगू. नातीनं चिठ्ठ्या केल्या होत्या, किती तास लेट ते ठरवायला. निघाली नऊ तासांची. ती पठ्ठी खरोखर नऊ तास डबल बेल देईना. सकाळी आठला (त्यांचे दोन) आम्ही दार-एस-सलामच्या स्टेशनात बसलो ते संध्याकाळी पाचला सुटलो. मध्ये तिचे वर्गातले दोघे भेटायला आले, त्यांनाही प्लॅटफॉर्मवर बसवलं. माझ्या चौतीस वर्षांत मी इतका वेळ गाडीची वाट प्रवाशांच्या बाजूनं कधी बघितली नव्हती. कंट्रोलरच्या खिडकीत डोकं घालून लोक का ओरडतात, ते चौथ्या तासाला कळलं.

करिबाला बोट केली. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. पाणी उतरलेलं आहे असं धरलं, मेमधल्या कोयनेसारखं. बोटीतून खाली बघताना नातीनं माझ्या आईच्या गावाची नावं विचारली, घरांची, कोण कुठे राहायचं ते. मला सात घरं आठवली. आठवं आडनाव आठवेना. खात्री नव्हती म्हणून सांगितलं नाही. दंड नको.

काल १६ नोव्हेंबर. लुसाकाहून ८० टप्पे, धबधब्याजवळच्या लिव्हिंग्स्टन गावाला वेळेवर पोचलो. नकाशाबाई, कागदाची घडी घातली होती, एकदम डोक्यात शिरलं तिच्या. कोरडा कडा बघून म्हणाली, "आबा, हे तर उन्हाळ्यातलं ठोसेघर." मग पालथं पडून खाली बघायचं होतं, लिव्हिंग्स्टनसारखं. प्लास्टरमुळे पालथं होता येईना. उशी काढून मान कॉटच्या कडेवरून खाली सोडली आणि उलटं बघितलं. उलट्यात धबधबा वर जातो म्हणे.

केपटाऊन राहणार. चार दिवसांत टेबल माउंटन होत नाही. डॉक्टरांना विचारलं, प्लास्टरची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

सध्या गाडी १९०५ सालच्या लोखंडी पुलावर उभी आहे. खाली झांबेझी, अलीकडे झांबिया, पलीकडे झिंबाब्वे, सरहद्द पुलावरच. कॉट मापून बरोबर मध्यावर लावलीय. प्लास्टरचा पाय झिंबाब्वेत आणि बाकीची नात झांबियात. आजी थर्मास घेऊन बसलीय आणि विचारतेय, चहाला कुठल्या बाजूला उतरायचं. मोशीकर, स्वस्त कुठे पडेल?